ऑरिनचं बोट

ऑरिन ट्वेटन आमच्या ऑस्टबी गावात ओळखला जातो तो एका बोटावरून. उजव्या हाताचं, अंगठ्याच्या शेजारचं. काउंटीचा ग्रेडर, रस्ता खरवडून सपाट करणारं ते लांब पात्याचं यंत्र, चालवायला लागल्यापासून, म्हणजे डोक्यावर केस होते तेव्हापासून, ऑरिन खडीचे रस्ते सारखे करत फिरतो आणि समोरून जो कोणी येईल त्याला स्टिअरिंगवरचा हात न हलवता ते एक बोट उचलून दाखवतो. समोरचाही दाखवतो. झालं. याला आमच्याकडे भेट म्हणतात. कुणी अख्खा पंजा हलवायला लागला तर तो शहरातला पाहुणा असतो, आणि कुणी हे बोट सोडून त्याच्या पलीकडचं उचललं तर तो भांडायला आलेला असतो.

नॉर्थ डकोटात माणसं कमी आणि रस्ते फार. टपालकचेरीत जाईपर्यंत समोरून तीन-चार गाड्या आल्या तर घरी येऊन ‘आज काय गर्दी होती’ म्हणतात. अशा ठिकाणी बोट साधं राहत नाही. त्यात सगळं येतं. बरा आहेस ना, बायकोचा गुडघा कसा आहे, तुझी गाय माझ्या सूर्यफुलांत शिरली होती पण मी मनावर घेतलेलं नाही. ऑरिनची बायको लव्हॉन म्हणते, हा गेला तरी याचं बोट वरच राहणार, शवपेटीचं झाकण लावताना लोकांना त्रास होणार आहे.

तर अशा या ऑरिनला एक माणूस बोट दाखवत नव्हता. मागच्या निवडणुकीपासून. आणि तो माणूस त्याचा मेव्हणा होता.

ड्वेन क्रेसबाख हा लव्हॉनचा सख्खा भाऊ आणि ऑरिनचा पहिलीपासूनचा दोस्त. पहिली सिगारेट दोघांनी मिळून ओढली आणि मिळूनच ओकली. ऑरिनने लव्हॉनला मागणी घातली तेव्हा पिकप ड्वेनच चालवत होता, आणि बहीण उत्तर द्यायला फार वेळ लावते आहे असं बघून हॉर्नही त्यानेच वाजवला. पुढे आयुष्यभर दोघांची मतं कधी जुळली नाहीत, पण मतांवाचून त्यांचं अडलंही नाही.

मग त्या निवडणुकीच्या आठवड्यात बर्फ लवकर पडला. ऑरिन ग्रेडरला बाजूचं पातं लावून रस्ते मोकळे करत होता. ड्वेनच्या दारासमोर त्या पात्याने टपालपेटी उडाली, आणि टपालपेटीशेजारी ड्वेनने आपल्या उमेदवाराची पाटी रोवली होती, तीही उडाली. ऑरिनचा उमेदवार दुसरा होता हे अख्ख्या गावाला माहीत होतं. त्याच संध्याकाळी ऑरिन परत आला आणि थंडीत कुडकुडत नवी टपालपेटी बसवून गेला. पाटी नाही बसवली. पेटी काउंटीच्या खर्चात बसते, पाटी बसत नाही, हे त्याचं म्हणणं. ड्वेनचं म्हणणं त्याहून लहान होतं. “पाटी चुकून पडली असेल. पण पडून राहिली ती चुकून नाही.”

एरवी हे आठवड्याभरात विरलं असतं. पण दिवसच तसे होते. टीव्हीवर रोज कुणीतरी देशाला धोका आहे असं सांगत होतं, दोन वाहिन्यांवरचे धोके वेगवेगळे होते, आणि प्रत्येकीचा धोका म्हणजे नेमके दुसरी वाहिनी बघणारे लोक होते. लव्हॉनच्या कॅफेत सकाळच्या कॉफीला दोन टेबलं एकमेकांना लावून एक लांबलचक टेबल केलेलं असे. चामड्याच्या पेल्यात फासे खुळखुळवायचे, जो हरेल त्याने सगळ्यांची कॉफी द्यायची, असा आमचा वर्षानुवर्षांचा रिवाज. त्या बर्फानंतर एके सकाळी लव्हॉन आतून कॉफी घेऊन आली तर टेबलं वेगळी झालेली. ड्वेन आणि त्याची माणसं खिडकीपाशी, ऑरिन आणि त्याची माणसं केकच्या कपाटापाशी. फाशांचा पेला मात्र एकच होता. तो लव्हॉन इकडून तिकडे नेई आणि “घ्या, शत्रुराष्ट्राकडून आलाय” म्हणून टेबलावर आपटे. थँक्सगिव्हिंगच्या सणाला ती दोन टर्क्या भाजायला लागली, एक घरची, एक भावाकडची. दोन्ही घरी उरत.

आपल्याला काही फरक पडत नाही, असं ऑरिन म्हणे. कुणी विचारलेलं नसतानाही म्हणे. “मी बोट दाखवतो. तो दाखवत नाही. मग चूक कुणाची?” जेवताना मध्येच चमचा खाली ठेवून तो हे विचारायचा, आणि लव्हॉन त्याला बटाटे वाढायची.

यंदाच्या सप्टेंबरात, गहू निघाल्यावर, गावात एक राखाडी गाडी दिसायला लागली. ओहायोची नंबरप्लेट. आत एकटा माणूस. दिवसभर खडीच्या रस्त्यांवर हळूहळू फिरायचा, कुठे उतरायचा नाही, आणि बोट उचलायचा नाही.

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे शेतात गहू असतो, सूर्यफूल असतं आणि मधूनच एखादं क्षेपणास्त्र असतं. जमिनीत पुरलेलं. वर कुंपण, आत एक काँक्रीटचं झाकण, झाकणाखाली अर्धं जग जाळण्याची सोय, आणि कुंपणाला टेकून ड्वेनचा गहू. वडिलांच्या काळात सरकारने पुरली, तेव्हापासून लोक त्यांना वळसा घालून नांगरतात. हवाई दलाची पोरं ट्रकमधून ये-जा करतात. नवीन असली की पंजा हलवतात, महिन्याभरात बोटावर येतात. त्या झाकणाची भीती आमच्यात कुणाला वाटल्याचं ऐकिवात नाही. पण बोट न उचलणाऱ्या माणसाची वाटली. त्यातून ती राखाडी गाडी त्या आठवड्यात दिसायची ती नेमकी कुंपणाच्या रस्त्यावर.

“हेर आहे,” खिडकीच्या टेबलावरून ड्वेन म्हणाला. “बाहेरच्या देशाचा.”

“हेर असता तर बोट उचलायला शिकून आला असता,” केकच्या कपाटापाशी कुणीतरी आपल्या कपाला उद्देशून म्हणालं. “त्यांना सगळं शिकवून पाठवतात.”

“मग कोण आहे?”

“सरकारचा माणूस. आपल्यावरच पाळत. सरकारला काही शिकवता येत नाही.”

किती महिन्यांनी एका टेबलाच्या वाक्याला दुसऱ्या टेबलाने उत्तर दिलं होतं, हे लव्हॉनच्या लक्षात आलं. पण ती झोपलेल्या पोराजवळून जावं तशी कॉफी ओतत राहिली. तिने शेरीफच्या कचेरीत फोनही करून पाहिला. बोट न उचलणं हा गुन्हा नाही, असं तिथल्या बाईने सांगितलं आणि थोडं थांबून विचारलं, “अगदी एकदाही उचललं नाही?”

दुसऱ्या दिवशी खिडकीच्या टेबलावरच्या एकाने खुर्ची जरा अलीकडे ओढली, नीट ऐकू यावं म्हणून. तिसऱ्या दिवशी कुणीतरी टेबलच सरकवलं. हेर की सरकार हा वाद मिटला नाही, पण माणूस धोक्याचा आहे यावर ऑस्टबीचं एकमत झालं. त्याला विचारायचं कुणी, हे फाशांवर ठरलं. पेला सगळीकडे फिरला आणि ड्वेन हरला.

“उद्या सकाळी,” तो म्हणाला. “कुंपणापाशी पिकप आडवा लावतो आणि विचारतो.”

“विचारायला रायफल लागते का रे?” लव्हॉनने विचारलं.

“ती पिकपमध्येच असते. मी काय मुद्दाम नेतोय?”

सगळे हसले. ऑरिन हसला नाही. ड्वेन वाईट माणूस नव्हे, पण तो आधी करतो आणि त्यावरचा विचार नंतर जेवताना करतो, हे ऑरिनला पहिलीपासून ठाऊक होतं. समोरचा घाबरून गाडी रेटायला गेला तर? आणि ऑरिनला आणखी एक गोष्ट ठाऊक होती, जी त्याने फक्त लव्हॉनला सांगितली होती. ती राखाडी गाडी कुंपणाच्या मागे नव्हती. ती ऑरिनच्या मागे होती. तो जिथे ग्रेडर नेई तिथे ती, थोडं अंतर ठेवून, धूळ खात.

“माझ्यात बघण्यासारखं काय आहे?” त्याने रात्रीच्या जेवणाला विचारलं.

“लग्नापासून शोधतेय,” लव्हॉन म्हणाली. “त्याला सापडलं तर मलाही सांग.”

सकाळी ऑरिन नेहमीपेक्षा लवकर निघाला. कुंपणाच्या रस्त्यावर पातं टाकलं आणि आरशाकडे बघत चालू लागला. दोन्ही बाजूंना सूर्यफुलं माना टाकून काळी पडलेली. राखाडी गाडी आली तशी त्याने तिला बरीच जवळ येऊ दिली, मग ग्रेडर रस्त्याच्या मधोमध उभा केला, शिडीवरून उतरला आणि चालत मागे गेला.

काच खाली झाली. आत चष्मा लावलेला एक मध्यमवयीन माणूस, मांडीवर अर्धं सँडविच.

“काही बिघडलं का?” त्यानेच विचारलं.

“माझं नाही. तुमच्या बोटाला काही झालंय का?”

“कुठल्या?”

ऑरिनने दाखवलं. त्या माणसाने ते बघितलं, मग आपला उजवा हात उघडला. तळव्यात एक छोटं यंत्र होतं, अंगठ्याने दाबलं की आकडा पुढे सरकणारं.

“मी ॲन्सेल प्रूइट. विद्यापीठात शिकवतो. तुम्ही लोक एकमेकांना बोट दाखवता ते मोजतोय.”

ऑरिनने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि परत घातली. “का?”

“समाज विस्कटत चाललाय असं सगळेच म्हणतात. देशाला शत्रूंपेक्षा याचाच धोका जास्त, असंही म्हणतात. मला वाटलं, नुसतं म्हणण्यापेक्षा मोजून बघावं. कुठल्या रस्त्यावर अजून बोट उचलतात, कुठल्या रस्त्यावर थांबलंय.”

“आणि तुम्ही का उचलत नाही?”

“मी उचललं तर लोक मला उत्तर म्हणून उचलतील. मोजणी बिघडेल.”

ऑरिन गाडीच्या दाराला टेकून हसायला लागला. आधी पोटात, मग खांद्यात. “अहो प्रोफेसर, गाव किती धरून आहे ते बघायला तुम्ही आलात, आणि तुम्ही बोट उचलत नाही म्हणून गावाला झोप नाही. अर्धे म्हणतात परदेशी हेर, अर्धे म्हणतात सरकारी. निवडणुकीपासून तुटलेली टेबलं काल जोडली.”

“कशासाठी?”

“तुम्हाला पकडायला.”

प्रूइटने हातातल्या यंत्राकडे बघितलं. “हे कुठे मोजायचं ते मला खरंच कळत नाही,” तो म्हणाला.

“पण माझ्याच मागे का?”

“तुमच्या मागे राहिलं की बोटं जास्त मिळतात. तुमच्याइतकी या भागात कुणालाच मिळत नाहीत. हवाई दलाचे ट्रकसुद्धा तुम्हाला चुकवत नाहीत.”

ऑरिनला हे बरं वाटलं नाही असं नाही. तो सूर्यफुलांकडे बघत राहिला.

“एक गाडी सोडून,” प्रूइट म्हणाला. “निळा पिकप.”

“त्याचं राहू द्या. तो माझा मेव्हणा. मी दाखवतो, तो दाखवत नाही.”

प्रूइटने सँडविच कागदात गुंडाळलं. गुंडाळून झालेलं पुन्हा उलगडून गुंडाळलं. “तुम्हीसुद्धा नाही दाखवत.”

“कोण म्हणतं?”

“मी मागून बघतो ना. तुमच्या केबिनची मागची काच मोठी आहे. बाकी सगळ्यांना तुम्ही उचलता. तो पिकप दिसला की दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान ताठ. चर्चमध्ये पुढच्या रांगेत बसल्यासारखे.”

ऑरिनने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. हात नेहमीसारखाच होता, तेलकट, अंगठ्याचं नख काळं. त्या हाताने आपल्याला न विचारता हा कारभार कधी सुरू केला, याचा तो विचार करू लागला. पहिल्या हिवाळ्यात तर नक्की उचलत होतो. होतो ना? मग कधी थांबलं? असं थांबताना माणसाला कळतं का? त्याला राग येण्याऐवजी नवलच वाटलं, घरात एक खोली आहे आणि आपण ती पाहिलीच नव्हती असं कुणी सांगितल्यासारखं.

“आणि तो तुमच्या शेजारून निघून गेला,” प्रूइट पुढे म्हणाला, “की उचलतो.”

“काय?”

“बोट. तुमचा ग्रेडर मागे पडला की लगेच. मला वाटलं मला दाखवतोय. पण तो मला एकटासुद्धा भेटलाय रस्त्यावर, दोनदा. तेव्हा नुसता डोळे वटारून बघत गेला. म्हणजे ते माझ्यासाठी नाही. तुम्हाला मात्र ते दिसत नाही, तुमची त्याच्याकडे पाठ झालेली असते. मी ते मोजलं नाही. कुणीच न बघितलेलं बोट धरायचं की नाही, याचा नियम केलेला नाही मी.”

ऑरिन काहीतरी बोलणार होता, पण तेवढ्यात पुढून धुळीचा लोट आला. निळा पिकप. तो ग्रेडरच्या पुढे येऊन रस्त्यावर आडवा झाला आणि ड्वेन उतरला. हात मोकळे होते. पिकपचं दार मात्र त्याने उघडं ठेवलं होतं.

“बाजूला हो, ट्वेटन. फासे मी हरलोय.”

“विचारून झालं माझं.”

“पाळी माझी होती.”

“तू झोपेतून उठायची वाट बघितली असती तर याचं सँडविच संपलं असतं.” ऑरिन गाडीच्या दारासमोरून हलला नाही. “हा हेर नाही. सरकारचाही नाही. हा बोटं मोजतो.”

“कुणाची?”

“सगळ्यांची. लोक अजून एकमेकांना दाखवतात का, ते.”

ड्वेनने वाकून आत बघितलं. प्रूइटने ते छोटं यंत्र काचेतून बाहेर धरलं. ड्वेनने ते घेतलं, एकदा दाबलं, आकडा सरकला, आणि एक आकडा फुकट गेला हे लक्षात आल्यावर घाईघाईने परत दिलं.

“माफ करा,” तो म्हणाला. मग ऑरिनकडे वळून, “कुठून मोजतो?”

“माझ्या मागून.”

“मागून?”

“रोज.”

ड्वेनचे कान लाल झाले. क्रेसबाखांचे कान होतातच, लव्हॉनचेही होतात. तो सूर्यफुलांकडे बघू लागला. ऑरिनही बघू लागला. आमच्याकडची माणसं अशा वेळी शेताकडे बघतात, आणि शेतात बघण्यासारखं पुष्कळ असतं.

“यंदा बिया भरल्यात,” ड्वेन म्हणाला.

“पक्षी ठेवतील तर.”

“हं.”

ऑरिनने टोपी जरा मागे सारली.

“पुढची निवडणूक येतेय,” ऑरिन म्हणाला.

“येतेय.”

“बर्फाच्या आधी तुझ्या टपालपेटीशेजारी एक खांब पुरून देतो. रस्त्यापासून आत, पातं लागणार नाही असा. पाटी तुझी तू ठोक. ती धरायला मला बोलवू नकोस, तिच्यावरचं माझ्याच्याने वाचलं जाणार नाही.”

ड्वेनने खडीतला एक दगड बुटाने सरकवला. “खांब सरळ पुरशील?”

“टपालपेटी वाकडी आहे का?”

“थोडी आहे. मी कुणाला सांगितलं नाही.”

एवढं बोलून तो पिकपकडे गेला आणि दार लावून घेतलं. ऑरिन शिडी चढून केबिनमध्ये बसला आणि त्याने पातं उचलून ग्रेडर जरा कडेला घेतला. पिकपने तोंड सरळ केलं. गावाकडे जायचं तर त्याला ग्रेडरच्या शेजारून आणि मग राखाडी गाडीच्या शेजारून जायला हवं होतं.

ऑरिनने उजव्या हाताकडे बघितलं. हात स्टिअरिंगवर घट्ट होता, कालसारखाच. त्याने त्याला मनातल्या मनात हाक मारली. बोट उठलं. पिकप अजून समोर होता, काचेतून ड्वेनचा चेहरा नीट दिसत होता, आणि ऑरिनचं बोट वर होतं. ड्वेन समोर बघत होता, मान ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगवर. चर्चमध्ये पुढच्या रांगेत. तो तसाच शेजारून गेला.

ऑरिनने बोट खाली घेतलं नाही. त्याने आरशात बघितलं, पण पिकपच्या मागे धूळ उठली होती आणि धुळीत पिकपची पाठ तेवढी दिसत होती. आता ड्वेनला ठाऊक होतं की मागून कुणीतरी बघतंय. ठाऊक असलेला माणूस उचलेल का? आणि उचललं असेल तर ते प्रूइटलाच दिसणार, आपल्याला कळणार कसं? मान वळवून बघावं तरी पाठच दिसणार. इतक्या वर्षांत इतके रस्ते सारखे केले, पण स्वतःच्या पाठीमागचं बघायची युक्ती काही त्याला सापडली नव्हती.

धूळ हळूहळू बसली. मागे राखाडी गाडी उभी होती. तिची काच खाली होती. मग त्या काचेतून एक हात बाहेर आला, छोटं यंत्र त्यात नव्हतं. हात कोपरापर्यंत बाहेर आला, जरा अडखळला, आणि त्यातलं अंगठ्याशेजारचं बोट सरळ वर झालं. फार उंच धरलेलं आणि फार वेळ, नवशिक्यासारखं.

ऑरिनने आरशातून त्याला आपलं बोट दाखवलं, पातं खाली टाकलं आणि रस्ता सारखा करत पुढे निघाला.